लसीला वार असतो, बाळंतपणाला नसतो

प्रति,
राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागातले माता-बाल आरोग्य आणि लसीकरण ही दोन टेबलं सांभाळणारे सर्व अधिकारी

विषय : हिपॅटायटिस बी असलेल्या आईच्या बाळाचे पहिले चोवीस तास

महोदय, महोदया,

मी चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली. त्यातली एकवीस लेबर रूममध्ये गेली. अधिपरिचारिका म्हणून लागले, परिसेविका म्हणून निवृत्त झाले. किती बाळंतपणं केली ते सांगता येणार नाही. पण एका बाळाची जन्मवेळ मला मिनिटासकट पाठ आहे. मे २०१४, शनिवारची रात्र उलटून रविवार लागलेला, दोन वाजून चाळीस मिनिटं.

पहिलटकरीण होती, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. रात्री साडेअकराला कुणाच्या तरी जीपमधून आणली. बरोबर तिची आई. आईच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत जुन्या लुगड्यांचे धुतलेले तुकडे आणि कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेले कागद. मी हिमोग्लोबिन बघितलं, रक्तगट बघितला, एचआयव्हीचा रिपोर्ट बघितला आणि कामाला लागले. मुलगी झाली. दोन किलो सहाशे ग्रॅम, लगेच रडली. नाळ बांधली, पुसून कोरडी केली, व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासात आईच्या छातीशी लावली. पहाटे चारला केसपेपर पुरा करायला बसले तेव्हा सोनोग्राफीच्या पाकिटाला चिकटलेला आणखी एक कागद हाताला लागला. सासरच्या आरोग्य केंद्राचा, चार महिन्यांपूर्वीचा. त्यावर रबरी शिक्का : एचबीएसएजी रिॲक्टिव्ह. म्हणजे आईच्या रक्तात हिपॅटायटिस बी, यकृतावर बसणारा विषाणू.

अशा बाळाला चोवीस तासांत द्यायची लस आमच्याच इमारतीत होती, माझ्या खुर्चीपासून चाळीसेक पावलांवर, आयएलआरमध्ये, म्हणजे लसी ठेवायच्या फ्रिजमध्ये. त्या खोलीला कुलूप होतं. चावी लसीकरण बघणाऱ्या सिस्टरकडे आणि त्या भाच्याच्या लग्नाला परजिल्ह्यात. फोन लागेना. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, सोमवारी देऊन टाकू. मी मान डोलावली. लसीबरोबर द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, तर आमच्याकडे नव्हतंच, आणि बाजारातून आणायचं तर त्याची किंमत त्या घराच्या दोन महिन्यांच्या किराण्याएवढी. सोमवारी सकाळी दहाला खोली उघडली आणि लस टोचली. जन्मानंतर एकतीस तास वीस मिनिटांनी.

आता जे लिहिणार आहे ते नोकरीत असताना लिहिलं नसतं. रजिस्टरमध्ये रकाना होता : जन्मतः हिपॅटायटिस बी, चोवीस तासांत. मी तिथं तारीख रविवारची टाकली. तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. महिनाअखेरच्या आढाव्यात त्या रकान्यातली एक गळती म्हणजे काय असतं ते मला माहीत होतं, एवढंच. त्या महिन्याचं आमचं काम शंभर टक्के दिसलं. आपल्यापर्यंत जो आकडा आला, त्यात माझी ती खोटी तारीखही आहे.

अडीच वर्षांनी तीच बाई दुसऱ्या खेपेला आली. मी मोठीची तपासणी करायला लावली. पॉझिटिव्ह. मुलगी अंगणात धावत होती, गुबगुबीत, डोळे स्वच्छ पांढरे. घरच्यांचा पहिला प्रश्न : मग कावीळ कुठंय?

वेळेत लस दिली असती तर ती नक्की वाचली असती, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आईच्या रक्तात विषाणू किती आहे ते कुणी मोजलंच नव्हतं. पण तिच्या वाट्याचा जो डाव होता तो आम्ही खेळलोच नाही.

आपल्यापैकी सगळेच डॉक्टर नसणार, म्हणून मला जसं समजलं तसं सांगते. मोठ्या माणसाला हिपॅटायटिस बी झाला तर शंभरातले पंचाण्णवच्या वर लोक तो अंगातून काढून टाकतात. एक ते पाच वर्षांच्या मुलांत तीसेक टक्क्यांपासून पन्नासपर्यंत मुलांच्या अंगात तो घर करतो. आणि जन्मताना आईकडून आला तर शंभरातल्या नव्वद बाळांत कायमचा राहतो. बाळाच्या शरीराला आपलं कोण आणि परकं कोण हे अजून उमगलेलं नसतं. ते त्या विषाणूशी भांडतच नाही, त्यामुळे ताप नाही, कावीळ नाही, काही नाही. पंचवीस-तीस वर्षं सगळं शांत. मग एक दिवस पोट फुगतं किंवा रक्ताची उलटी होते. लहानपणी ज्यांच्यात हा विषाणू मुक्कामाला येतो, त्यांच्यातल्या साधारण चौथ्या-पाचव्या माणसाचं मरण पुढे यकृत आक्रसल्यामुळे किंवा यकृताच्या कर्करोगानं ओढवतं. तेव्हा त्या माणसाच्या जन्माची रात्र कुणालाच आठवत नसते.

कुठल्या आईकडून किती धोका, हेही ठरलेलं आहे. आईच्या रक्तात 'ई' अँटिजेन असेल, म्हणजे विषाणू जोमात असेल आणि काहीच उपाय केला नाही, तर दहातल्या सात ते नऊ बाळांना लागण होते. 'ई' निगेटिव्ह असेल तर धोका बराच कमी, पण शून्य नाही. लागण बहुतेक वेळा पोटात होत नाही, बाहेर येताना आईच्या रक्ताशी आणि स्रावांशी संबंध येतो तेव्हा होते. म्हणूनच तर जन्मानंतर टोचलेली लस उपयोगी पडते. कुत्रा चावल्यावर आपण जसं धावत जाऊन इंजेक्शन घेतो, तसंच हे. कुत्रा चावलेल्या माणसाला कुणी सोमवारी या म्हणत नाही.

आपल्याकडे या सगळ्यावर कावीळ या एका शब्दाचं पांघरूण आहे. पावसाळ्यात घाण पाण्यातून येते ती कावीळ वेगळी. त्यातली हिपॅटायटिस ई (वर सांगितलेल्या 'ई' अँटिजेनशी तिचा संबंध नाही) गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, फार घातक. तिनं गेलेल्या बायका मी पाहिल्यात. पण ती आली की दिसते आणि बरी झाली तर संपते. बीचं तसं नाही. गावात कावीळ म्हटलं की गळ्यात माळ घालतात, ती लांबत गेली की कावीळ उतरली असं मानतात. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पाणी पिवळं झालं की समाधान. हळद बंद, तेल बंद, उसाचा रस चालू. माझ्या त्या बाईलाही सासूनं रिपोर्ट कळल्यावर माळ घालून आणली होती आणि माळ लांबली म्हणून पुढच्या तपासणीला पाठवलं नव्हतं. मी सासूला हसणार नाही. आरोग्य केंद्रानं शिक्का मारला, त्याचा अर्थ सांगितला नाही. माळवाल्यानं निदान दहा मिनिटं बसून बोलणं तरी केलं.

गरोदर बाईच्या स्वतःच्या तब्येतीबद्दल थोडं. यकृत धड असेल तर हिपॅटायटिस बीमुळे बाळंतपण अवघड होतं असं नाही. सिझेरियन करायची गरज नाही, मूल पाडायची तर मुळीच नाही. पण यकृत आधीच आक्रसलेलं असेल तर तिला तालुक्याच्या ठिकाणी ठेवून घेणं हा जुगार आहे. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा कळा देताना फुटू शकतात. प्लेटलेट आणि यकृताच्या तपासण्या बघितल्याशिवाय हे कळत नाही. दुसरी गोष्ट विसरली जाते ती बाळंतपणानंतरची. गरोदरपणात दबलेली प्रतिकारशक्ती बाळंत झाल्यावर उसळते आणि विषाणूवर तुटून पडते, त्यात यकृतालाच मार बसतो. पुढचे सहा महिने बाईवर लक्ष हवं. आपण काय करतो, तर टाके बघतो, तांबीची आठवण करतो आणि तिला घरी पाठवतो. हिपॅटायटिस सीचं प्रमाण आपल्याकडे कमी आहे. आईकडून बाळाला जायची शक्यता वीसात एक, सोबत एचआयव्ही असेल तर त्याच्या दुप्पट. त्याला ना लस आहे, ना जन्मताना द्यायचं औषध. पण गोळ्यांनी तो पुरता बरा होतो, तेव्हा या बायकांना बाळंतपणानंतर हातातून निसटू देऊ नये, इतकंच. आणि गरोदरपणात तळहात-तळपाय रात्रभर खाजतात असं सी असलेली बाई म्हणाली, तर कॅलामाइन देऊन घरी पाठवू नये. पित्त तुंबल्याची ती खूण असू शकते आणि त्यात बाळाला धोका असतो.

परत बीकडे येते, कारण तिथं सगळं हातात असून निसटतंय.

आपल्याकडे काय नाही? लस आपल्या पुण्यातच बनते, साऱ्या जगाला जाते. एक डोस चहा-भज्यांच्या किमतीत पडतो. २००२ ला प्रयोग म्हणून काही जिल्ह्यांत सुरू झालेली ही लस २००७-०८ मध्ये आपल्या राज्यात आणि २०११ पासून देशभर नियमित लसीकरणात आली. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात गरोदर बाईची तपासणी फुकट, औषध फुकट, पॉझिटिव्ह आईच्या बाळाला इम्युनोग्लोब्युलिनसुद्धा फुकट. कागदावर एकही उणीव नाही. तैवाननं १९८४ पासून नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग खाली आला. बांगलादेश, भूतान, नेपाळ आणि थायलंड यांनी लहान मुलांमधलं प्रमाण एक टक्क्याच्या खाली आणल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये जाहीर केलं. त्या यादीत आपण नव्हतो. भूतानचे डोंगर चढून जमतं ते आपल्याला चाळीस पावलांत का जमू नये?

याचं उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते मी रोज जगले. हिपॅटायटिस बीची जन्मतः लस ही लेबर रूमची गोष्ट आहे आणि आपण ती लसीकरणाच्या टेबलाला देऊन टाकलीय. लसीकरणाला वार असतो. मंगळवार, बुधवार, जो काही असेल तो. क्षयाची बीसीजी, पोलिओचा जन्मतःचा शून्य डोस आणि ही लस, तिन्ही एका ओळीत छापलेल्या असतात म्हणून तिन्ही एकदमच द्यायची सवय लागते. बीसीजी वर्षाच्या आत कधीही दिली तरी चालते, पोलिओचा थेंब पंधरा दिवसांत दिला तरी चालतो. या एका लसीला मात्र चोवीस तास. तिघींना एका दावणीला बांधलं की सगळ्यात घाईची असते तिचंच नुकसान होतं.

दुसरं म्हणजे वायल, लसीची छोटी बाटली. एका वायलमध्ये दहा डोस. ग्रामीण रुग्णालयात रात्री एक बाळंतपण झालं तर एका बाळासाठी दहाची वायल फोडायची छाती होत नाही, कारण वाया गेलेल्या लसीचाही हिशोब द्यावा लागतो. आमच्याकडे तर पक्का समज होता की उघडलेली वायल चार तासांत फेकायची. हा नियम बीसीजीचा, गोवर-रुबेलाचा. हिपॅटायटिस बीची उघडलेली वायल अठ्ठावीस दिवस वापरता येते, फक्त तिच्यावर उघडल्याची तारीख-वेळ लिहा, थंडीत ठेवा, गोठू देऊ नका, लस उष्णतेनं खराब झाली का ते दाखवणारी वायलवरची रंगखूण तपासा. हे केंद्राच्या सूचनांमध्ये दहा वर्षांहून अधिक काळ लिहिलेलं आहे. मला ते कळलं निवृत्तीच्या चार वर्षं आधी, एका प्रशिक्षणात, जेवणाच्या रांगेत शेजारी उभ्या असलेल्या एका तरुण डॉक्टरकडून. परिपत्रक आमच्या कार्यालयात आलं होतं का? आलं असणार. फायलीला लागलं असणार.

गंमत म्हणजे व्हिटॅमिन केचं इंजेक्शन कधी चुकत नाही. ते लेबर रूमच्या ट्रेमध्येच असतं. नाळ कापली, के दिलं, वजन केलं. हात आपोआप चालतो. लस त्या ट्रेशेजारी, लेबर रूमच्या छोट्या फ्रिजमध्ये असती तर तोच हात दुसऱ्या मांडीत लस देऊन मोकळा झाला असता. बाळ कमी वजनाचं आहे, नंतर देऊ, असंही म्हणतात. कमी वजनाच्या बाळालाही हा डोस द्यायचाच असतो, फक्त दोन किलोच्या आतल्या बाळाचा तो पुढच्या हिशोबात धरत नाहीत. आणि चोवीस तास उलटले म्हणून आता नकोच, हे तर सर्वांत वाईट. उशिरा दिलेल्या लसीचा उपयोग कमी होत जातो, संपत नाही. रकाना बंद झाला म्हणून पॉझिटिव्ह आईच्या बाळाची लस टाळलेली मी डोळ्यांनी पाहिलीय.

आता माहेरचं. आपली सगळी व्यवस्था बाई एकाच गावात राहते असं धरून चालते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात ओटी भरली की बाई निघाली. नोंदणी सासरच्या उपकेंद्रात, सोनोग्राफी तालुक्याला, बाळंतपण माहेरच्या दवाखान्यात आणि बाळाच्या पुढच्या लसी परत सासरी. चार ठिकाणी चार रजिस्टरं. तिच्या रक्तात काय आहे हे सांगणारा कागद सोनोग्राफीच्या पाकिटाला चिकटून प्रवास करतो. माता-बाल संरक्षण कार्डावर एचआयव्हीचा रिपोर्ट बघायची आम्हाला सवय लागली, कारण त्याच्यामागे समुपदेशक होते, फोन होते, पाठपुरावा होता. पॉझिटिव्ह बाई बाळंतपणाला येणार हे आम्हाला आधी कळायचं, बाळाचं औषध तयार असायचं आणि बाळ दीड वर्षाचं होईपर्यंत कुणीतरी त्याच्या मागावर असायचं. ही घडी या राज्यानं उत्तम बसवलीय. त्याच सुईनं, त्याच रक्तातून बीची तपासणी होते. मग त्याच समुपदेशकाच्या यादीत आणखी एक नाव का जात नाही?

ऊसतोडीचं तर विचारूच नका. दिवाळी झाली की बीडकडच्या टोळ्या निघतात सांगली-साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे. सहावा-सातवा महिना लागलेल्या बायका मोळ्या डोक्यावर घेऊन फडात. कुणी कोपीवर बाळंत होते, कुणाला जवळच्या दवाखान्यात आणतात. तिथली सिस्टर विचारते, कार्ड? कार्ड गावाकडं. अशा बाईची तपासणी तिथल्या तिथं, लेबर टेबलावर, बोटाच्या थेंबातून पंधरा-वीस मिनिटांत होते. किट असलं तर. आणि नसलं तरी लस द्यायला आईचा रिपोर्ट लागतच नाही. ती प्रत्येक बाळाला आहे. रिपोर्ट लागतो तो इम्युनोग्लोब्युलिनसाठी. ते शक्यतो बारा तासांत, लसीच्या विरुद्ध मांडीत.

आईला गोळी देऊन धोका आधीच उतरवता येतो, हे मला फार उशिरा समजलं. टेनोफोविर. एचआयव्हीच्या रोजच्या गोळीत जे औषध गेली कित्येक वर्षं आपण गरोदर बायकांना देतो, तेच. विषाणूभार, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं मोजमाप, दोन लाखांच्या वर किंवा 'ई' पॉझिटिव्ह असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून द्या, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलं. २०२४ मध्ये ही संघटना आणखी पुढे गेली : या दोन्ही तपासण्या जिथं होत नसतील तिथं पॉझिटिव्ह असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला हे औषध देता येईल. गडचिरोलीतल्या भामरागडच्या किंवा नंदुरबारमधल्या धडगावच्या बाईचा विषाणूभार मोजायला नमुना पाठवायचा, रिपोर्ट यायची वाट बघायची, तोवर बाई बाळंत. तिथं ही दुसरी वाट उघडी ठेवायला काय हरकत आहे, हे आपल्या तज्ज्ञांनी एकदा बसून ठरवावं.

आकडा किती, असं आपण विचाराल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीतल्या रक्तनमुन्यांवरून देशातलं प्रमाण ०.९५ टक्के निघालं. म्हणजे शंभरात एक धरा. राज्यात वर्षाला अठरा-वीस लाख बाळंतपणं. बोटांवर मोजलं तरी पंधरा हजारांच्या वर आया. हा माझा ढोबळ हिशोब आहे. आपल्याकडे नावनिशीवार यादी असायला हवी. आहे का?

यादी म्हटलं की एक भीती वाटते, तीही सांगते. लाल शाई. केसपेपरवर लाल शाईत मोठ्या अक्षरांत लिहायचं, कॉटला चिठ्ठी लावायची, सिझेरियन असेल तर यादीत शेवटी टाकायचं, मावशींनी कपडे उचलायला नकार द्यायचा. वॉर्डातल्या दहा बायकांच्या वीस नातेवाइकांना दुपारपर्यंत कळतं. एचआयव्हीला निदान २०१७ चा कायदा आहे. हिपॅटायटिस बीच्या बाईला कायद्याचा तेवढाही आडोसा नाही. एका नवऱ्यानं माझ्यासमोर बायकोला विचारलं, कुठून आणलंस हे? ती रडत होती. दाराबाहेर तिची आई बसली होती. मी आईचं रक्त काढलं. आई पॉझिटिव्ह निघाली. त्या पोरीनं कुठूनच काही आणलं नव्हतं, ती जन्मली त्याच दिवशी तिला ते मिळालं होतं. नवऱ्याला बोलावून रिपोर्ट दाखवला, त्याचीही तपासणी केली, तो निगेटिव्ह होता, त्याला लस सुरू केली. कुणाला समजावताना मी अमिताभ बच्चनचं उदाहरण द्यायची. अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून हा विषाणू आला आणि यकृताचा पाऊण भाग गेला, हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलंय. नाव ऐकलं की घरातल्यांचा आवाज खाली यायचा. समुपदेशनाच्या पुस्तकात हे नाही, पण चालतं.

आणि दूध. कृपया एक ओळीचं परिपत्रक काढा की हिपॅटायटिस बी असलेल्या आईनं बाळाला अंगावर पाजावं. अजूनही पॉझिटिव्ह म्हटलं की बाळ बाजूला करून पावडरचा डबा आणायला पिटाळतात. लस दिलेल्या बाळाला आईच्या दुधानं धोका वाढत नाही. पावडरच्या पाण्यानं जुलाब मात्र होऊ शकतात.

मागण्यांचं टिपण सोबत जोडावं असा सरकारी शिरस्ता आहे. माझ्या मागण्या दोनच आहेत. पहिली, ही लस लेबर रूमच्या ताब्यात द्या. फ्रिज तिथं, वायल तिथं, जबाबदारी बाळंतपण करणाऱ्या सिस्टरची, रविवार असो की दिवाळी. बाई टेबलावरून उतरण्याआधी लस झालेली असेल. लसी थंड ठेवायचं काम बघणारी कोल्ड चेनची मंडळी म्हणतील की छोट्या फ्रिजचं तापमान राहत नाही. ही लस उन्हापेक्षा गोठण्याला जास्त घाबरते. तापमापी ठेवा, दोन वेळा लिहून घ्या. बाळंतपणातलं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, तेही थंडीतच ठेवायचं, आम्ही इतकी वर्षं सांभाळलंच ना?

दुसरी, रजिस्टरमधला होय-नाहीचा रकाना काढून टाका. तिथं दोन वेळा लिहायला लावा : जन्माची आणि लसीची, तास-मिनिटांसह. आणि ज्या रुग्णालयातून एकतीस तास अशी खरी नोंद येईल, त्या सिस्टरला कारणे दाखवा नोटीस पाठवू नका. तिला फोन करून विचारा, अडलं कुठं? माझ्या वेळी हा प्रश्न कुणी विचारला असता तर मी सांगितलं असतं, चावीत अडलं. मग तालुक्याच्या बाजारातून तीस रुपयांत दुसरी चावी करून घेतली असती. पुढे मी ती घेतलीच, स्वतःच्या पैशानं, आणि लेबर रूमच्या दारामागे खिळ्याला टांगली. त्यासाठी एका मुलीला पॉझिटिव्ह व्हावं लागलं.

ती आता सहावीत आहे. दर सहा महिन्यांनी यकृताची तपासणी असते. अजून औषध लागलेलं नाही. तिचा धाकटा भाऊ, ज्याच्या वेळी आम्ही पहिल्या तासात लस दिली आणि जिल्ह्याहून इम्युनोग्लोब्युलिन मागवून घेतलं, त्याची तपासणी वर्षाच्या आसपास केली. निगेटिव्ह.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका

ता. क. : हे पत्र एखाद्या गरोदर बाईच्या हाती पडलं तर तिच्यासाठी. तुझ्या कार्डावर एचबीएसएजीच्या पुढे काय लिहिलंय ते बघ. जागा रिकामी असेल तर तपासणी करून घे. पॉझिटिव्ह असेल तर घाबरू नकोस, पण माहेरी जाताना तो कागद पाकिटात नको, ब्लाउजमध्ये पैसे ठेवतेस ना, तिथं ठेव. टेबलावर चढायच्या आधी सिस्टरच्या हातात दे. बाळ झालं की विचार, कावीळची लस दिली का, किती वाजता? बाळाच्या सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी चुकवू नकोस आणि नऊ महिने ते वर्षाच्या दरम्यान त्याचं रक्त तपासून घे. तुझ्या आईचं आणि नवऱ्याचंसुद्धा.